ओनोराचा हेल

“लाटांचे पांढरे घोडे आले माझ्या दारी,
लेकाची माझ्या न्याहारी निवली चुलीवरी...”

हा आवाज लोर्कनने ऐकला तेव्हा त्याला नुकतं विसावं लागलं होतं. आवाज शेजारच्या बाबीनचा. समुद्राने तिचा एकुलता एक लेक फेस्टी कितीतरी दिवस ठेवून घेतला आणि मग शेवाळात गुंडाळून किनाऱ्यावर परत केला, त्या दिवशीचा. बाबीन त्याच्या उशाशी पुढे-मागे झुलत हेल काढत होती, मेलेल्याला आळवत गात होती. आवाज आधी जमिनीलगत सरपटायचा, मग भिंत धरून उभा राहायचा आणि शेवटी छपराच्या गवतात शिरून तिथेच थरथरत बसायचा. दारात उभ्या असलेल्या दांडग्या कोळ्यांनी टोप्या तोंडावर धरल्या होत्या.

साऱ्या किनाऱ्यावर तिच्यासारखी हेल काढणारी दुसरी नव्हती. मयताच्या घरी बाबीन येऊन बसली की मेलेल्याचं सोनं व्हायचं. जन्मभर ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही, असा माणूससुद्धा तिच्या तोंडी राजा होऊन मातीत जायचा.

आणि लोर्कन? तो घरामागे गेला, रचून ठेवलेल्या जळाऊ मातीच्या विटांआड उकिडवा बसला, सिगारेटचं पाकीट फाडलं आणि त्याच्या आतल्या बाजूवर पेन्सिलीच्या थोटकाने तिचे शब्द उतरवू लागला. फेस्टी त्याचा जिवाभावाचा. दोघं एका बाकावर शिकलेले, एका होडीत भिजलेले. लोर्कनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात भराभर चालत होता. त्या हाताला रडू येत नव्हतं.

ते शब्द पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या तिसऱ्या कादंबरीत आले. तोवर तो डब्लिनला राहायला गेला होता, इंग्रजीत लिहीत होता आणि आयरिश खेड्यातला कुणबी कसा जगतो हे जाणून घ्यायचं तर याची पुस्तकं वाचावीत, असं लंडनमधले लोक म्हणू लागले होते. त्याच्या पानांना बटाट्याच्या ओल्या वाफ्याचा वास येतो, असं एकाने लिहिलं होतं. वास खराच होता. वाफा दुसऱ्यांचा होता.

बाबीनच्या हेलात एक ओळ होती, “ह्या हातांनी, फेस्टी, तुला मी पोचवलं.” लोर्कनच्या घरच्या बोलीत त्या जागी जो शब्द आहे तो मोठा विचित्र. पेरणं, पुरणं आणि धाडणं, तिन्हीला तोच. बटाटे त्याच शब्दाने जमिनीत जातात, माणसं त्याच शब्दाने जातात, आणि पोरं अमेरिकेला जातात तीही त्याच शब्दाने. बाबीन म्हणत होती ते मातीत घातल्याबद्दल. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं होतं, लोर्कनलाही. पण इंग्रजीला तसा तिपेडी शब्द नाही, एक काहीतरी निवडावं लागतं. त्याने निवडलं, धाडलं. मग त्या एका शब्दाभोवती गोष्ट वाढत गेली. मासळीच्या लोभाने पोराला नको म्हणत असताना समुद्रावर हाकलणारी आई. नाव बदललेलं होतं, पण दारातलं रोवनचं झाड, गालावरचा तीळ, झुलत रडायची ढब, सगळं बाबीनचं. पुस्तक खूप गाजलं.

आता त्याची पंचेचाळिशी आली होती, आणि त्याची आई ओनोरा गेली होती.

तार मिळाली तेव्हा तो लंडनमध्ये होता. जहाज, आगगाडी, मग बस असं करत तो गावात पोचला तो थेट दफनाच्या सकाळी. बसमधून उतरला तर वाफे अर्धवट खणलेले आणि फावडी दिसत नव्हती. गावात मयत असलं की जमिनीला लोखंड लावत नाहीत. बटाट्याच्या लागवडीचे ऐन दिवस, तरी एकानेही तो नेम मोडला नव्हता. लोर्कनला वाटलं, म्हणजे लोक आलेत. आईला एकटी ठेवलेली नाही. छातीवरचा धोंडा किंचित सरकला.

लोक आलेच होते. घर माणसांनी भरलेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं, आरशावर पांढरं फडकं. आई तपकिरी झग्यात, बोटांत जपमाळ, हनुवटी किंचित वर, कुणाचं तरी बोलणं ऐकून उत्तर द्यायच्या बेतात असल्यासारखी. एकेकाने येऊन लोर्कनचा हात हातात घेतला. “तुझ्या दुःखात आम्ही आहोत, लोर्कन.” पुढचा. “तुझ्या दुःखात आम्ही आहोत.” मग जो तो भिंतीशी जाऊन बसायचा आणि चिलमीकडे बघायचा.

चहा फिरला, तपकिरीची बशी फिरली. बोलणं मात्र फिरलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मयताला या गावात कधी शांतता नसते. मेलेल्याच्या खोड्या आठवतात, कोडी घालतात, पोरं चिमटे काढतात, कुणी तरी हसता हसता रडतं. आणि हे तर ओनोराचं घर. एके काळी तिन्हीसांज झाली की इथे पाय ठेवायला जागा नसे. लोर्कन जे काही लिहायला शिकला ते या चुलीपुढे, आईच्या खुर्चीमागे बसून शिकला. आज त्याच चुलीपुढे बसलेली माणसं तो जवळ आला की ओठ मिटत होती, घरात शिपाई शिरल्यावर मिटतात तशी.

शेजारच्या सोरखाने आईला शेवटची आंघोळ घातली होती. तिने त्याला फडताळाच्या कोपऱ्यात बोलावलं.

“काही बोलली का शेवटी?” त्याने विचारलं.

“बोलली की. तुझं नाव घेतलं आधी. मग म्हणाली, मला मुक्याने नेऊ नका. बाबीनला सांगा.”

“मग सांगितलंस?”

“दोनदा जाऊन आले. दाराला आतून कडी. आत आहे, धूर दिसतो. हाका मारून घसा सुकला माझा.” सोरखाने हातातलं फडकं पिळलं, खरं तर ते कोरडंच होतं. “आता तू जा. दुपारी उचलायचंय. तू गुंता केलास, तूच सोडव.”

“माझं तोंड बघेल ती?”

“नाही बघितलं तर निदान तुला कळेल तरी, तुझ्या आईला कसं वाटत होतं ते.”

लोर्कनला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तो बाहेर आला. घराच्या बाजूच्या भिंतीशी गडी उभे होते आणि हलक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. तो दिसताच मॅकडारा मोठ्याने म्हणाला, “गप रे सगळे! साहेब आले. शिंकायचं ते जपून. शिंक छापून येईल.”

“माझी आधीच आलीय,” म्हातारा श्टिफान म्हणाला. “शिंक माझी, नाक मात्र दुसऱ्याचं लावलंय.”

“तुझं नाक पानात मावलं नसेल, श्टिफान.”

गडी हसले. लोर्कनही हसला, आणि हसता हसता त्याचे कान तापले, कारण ते खरं होतं. ती शिंक त्याच्या दुसऱ्या पुस्तकात होती.

“मॅकडारा, जरा इकडे ये,” तो म्हणाला. दोघं कुंपणाच्या दगडांपाशी गेले. “आईकडे लोक यायचे कधी थांबले?”

मॅकडाराने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा वेड पांघरतोय. “तुला बोलली नाही ती?”

“मी विचारलं की म्हणायची, गवत कापायचे दिवस आहेत, लोक दमतात. हिवाळ्यात विचारलं तर म्हणायची, थंडी फार आहे.”

“अस्सं.” मॅकडाराने चिलीम दगडावर झटकली. “अरे, तिनेच मास्तरांना बोलावून आणलं. लोण्याचा गोळा दिला त्यांना. माझ्या लेकाचं पुस्तक आहे, सगळ्यांना वाचून दाखवा, आपल्या बोलीत करून सांगा. घर असं भरलं होतं की मी खिडकीत बसलो होतो. ओनोरा नवी शाल घालून. आणि चुलीच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी, बाबीन.”

लोर्कनने दगडाला हात टेकला.

“मास्तर त्या पानाशी अडखळले. तुझी आई म्हणते, वाचा की, मास्तर, थांबलात का? चांगलं आहे ना ते? त्यांनी वाचलं. बाबीन उठली आणि चालू लागली. निघताना सगळे देतात तो देवाचा आशीर्वादही घराला दिला नाही तिने. तुझी आई... कसं सांगू, लोर्कन. भर बाजारात बाईच्या अंगावरची शाल कुणी ओढावी, तसं तिचं तोंड झालं.”

“मग?”

“मग काय. कुणीतरी बाबीनच्या बाजूने उभं राहायला हवं होतं ना? पोटचा पोर गेलेली बाई, आणि वर हा डाग. आम्ही उभे राहिलो. कुणी अंडी नेऊन दिली, कुणी दूध, कुणी मासळी. ओनोराला वाटेत भेटलो तर ‘दिवस बरा आहे’ एवढंच. चुकलं असेल आमचं. पण राग यायचा तुझा, आणि तू पडलास डब्लिनला. हाताशी तीच होती.”

लोर्कन मागच्या बोळाने निघाला. तीन वाफे ओलांडले की बाबीनचं घर. लहानपणी या वाटेने तो पळत जायचा आणि पळत यायचा; आज प्रत्येक दगड त्याला अडवून विचारत होता, कुठे चाललास बाबा? आईने इतकी वर्षं त्याच्यापासून हे झाकलं. त्याला लाज वाटू नये म्हणून. स्वतःच्या ओस घरात बसून ती त्याच्या लाजेची राखण करत होती.

त्याने दार वाजवलं. “बाबीन, मी आहे. ओनोराचा लोर्कन.”

मग कडी सरकली.

ती फारच आकसली होती. काळी शाल, गालावरचा तो तीळ, आणि डोळे मात्र तेच. “ये,” ती म्हणाली. “बस म्हणणार नाही. तू बसलास की बघत बसतोस.”

तो उभाच राहिला. नजर कुठे ठेवावी ते कळेना. चुलीकडे पाहावं तर पाहिल्यासारखं होईल, भिंतीवरच्या फेस्टीच्या टोपीकडे तर डोळे नेववेनात.

“मी तुझ्याबद्दल वाईट लिहिलं, बाबीन.”

“मला वाचता येत नाही. ऐकलंय तेवढं.”

“तू म्हणालीस ते मातीत घातल्याबद्दल. मला ठाऊक होतं. मी दुसरा अर्थ घेतला, कारण त्याने गोष्ट उभी राहत होती. एवढंच कारण. मोठं काही असतं तर सांगितलं असतं.”

तिच्या चेहऱ्यावर राग शोधत तो उभा होता. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. तिथे काहीतरी निराळंच होतं, चोरपावलांनी चालणाऱ्याला अचानक कुणी हाक मारावी तसं.

“माफी मागायला आलास?”

“ती तर मागतोच. पण आलोय आईसाठी. मला मुक्याने नेऊ नका, म्हणाली. तुझं नाव घेतलं.”

“ओनोराने?” ती खाटेच्या कडेवर बसली. “माझं नाव घेतलं ओनोराने?”

“चल ना, बाबीन. दुपारी उचलतील.”

“माझा गळा गेलाय.”

“गळा नको. नुसती येऊन बस तिच्यापाशी.”

“हेलाला गळा लागतो होय रे?” ती एकदम फणकारली. “एवढी पुस्तकं लिहिलीस, आणि एवढंही कळलं नाही? तोंड लागतं, पोरा, तोंड. जिवंत माणसापुढे काहीही खपतं. मयताच्या उशाशी बसलं की जे आत आहे तेच बाहेर पडतं, दुसरं पडतच नाही. आणि ओनोरापुढे मी...” तिने शालीचं टोक तोंडात धरलं. “नाही. जा तू.”

लोर्कनला वाटलं, हिला आईबद्दल अजून राग आहे आणि तो राग मयतापुढे निघेल याची भीती वाटते. तो म्हणाला, “आईचा काही दोष नव्हता. मी सगळ्यांसमोर सांगतो. येत्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या भिंतीवर उभा राहतो, गाय हरवल्याची दवंडी देतात ना, तिथेच. सांगतो, ते खोटं होतं, मी रचलं होतं. बाबीनने फेस्टीला कधीच...”

तिने उठून त्याची बाही धरली. त्या काटकुळ्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. “ते करायचं नाही!”

“का?”

“करायचं नाही म्हणते ना! दवंडी नको. भिंत नको. आईजवळ जा.” आणि दार पुन्हा लागलं.

तो परत निघाला. माझी शरमसुद्धा हिला नको, त्याच्या मनात आलं. तिचंही बरोबरच होतं. माफीचासुद्धा एक देखावा त्याने मनात मांडूनच ठेवला होता, भिंतीवर उभा असलेला लोर्कन, खाली टोप्या काढलेली माणसं. आपण माफी मागतानाही लिहीतच असतो हे जाणवून त्याला स्वतःची किळस आली.

घरी सगळे उभे राहिले होते. आईला पेटीत ठेवलं होतं. झाकण भिंतीला टेकवलेलं. गावच्या रीतीप्रमाणे एकाच आडनावाचे चौघं खांदेकरी बाह्या सारत होते. सोरखाने लोर्कनच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं.

“थोडं थांबूया,” ती म्हणाली.

थांबले. कुणी खोकलं. चुलीतली जळती माती धसली. बाहेर ओहोटीचा समुद्र दगडगोटे ओढत होता आणि घरात ओनोराला कुणी आवाज देत नव्हतं. हेल नसलेलं मयत त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. बेवारशी खलाशी तसे नेले जात. मॅकडाराने जड हाताने झाकण उचललं.

“एक मिनिट,” लोर्कन म्हणाला.

तो पेटीशी गुडघ्यांवर बसला. लोकांकडे तोंड करायचा त्याला धीर झाला नाही. तो आईकडेच बघून बोलला, आणि आवाज इतका लहान निघाला की मागच्यांनी माना पुढे काढल्या.

“आई, त्या रात्री मास्तरांनी जे वाचलं ते खोटं होतं. बाबीनने फेस्टीला धाडलं नाही. तिने त्याला पुरलं, एवढंच ती म्हणाली होती. मी मुद्दाम बदललं. त्याची शिक्षा माझी होती, ती तू भोगलीस. मी चार-दोन दिवस यायचो, तुझ्या हातचं खायचो, रिकाम्या खुर्च्या बघायचो आणि जायचो. ते खोटं होतं, आई. सगळ्यांनी ऐका. सगळं...”

“ऊठ तिथून.”

दारात बाबीन उभी होती. धापा टाकत होती. तिन्ही वाफ्यांतला चिखल तिच्या झग्याला घोट्यापर्यंत लागला होता. लोक बाजूला झाले.

“ऊठ म्हणते ना. आईच्या मयतापुढे खोटं बोलतोस? जनाची नाही, तिची तरी लाज धर.”

लोर्कन गोंधळून उठला. बाबीन त्याच्या जागी बसली. तिने ओनोराच्या कपाळावर हात ठेवला आणि झुलू लागली. आधी नुसता श्वास, मग जमिनीलगत सरपटणारं ते जुनं काहीतरी. खोलीतल्या बायका भिंतीला टेकल्या.

“सखे, तुझ्या चुलीपाशी माझी जागा ओस,
रोज झाडलीस तिला, दिला नाही दोष...”

पुढची ओळ आली नाही. तिने पुन्हा सूर धरला, पुन्हा तो मोडला. मग तिने झुलणं थांबवलं आणि दोघी विहिरीवर बसून बोलत असाव्यात तशी साध्या आवाजात बोलू लागली.

“ओनोरा, पोराला ठाऊक नव्हतं, पण त्याने लिहिलं ते खरं होतं. फेस्टी त्या सकाळी निघाला आणि वाटेतून परत आला. तू भेटली होतीस त्याला. विहिरीवर निघालेली, डोकं उघडं, तुझे ते लाल केस मोकळे. समुद्रावर निघालेल्याला लाल केसांची बाई आडवी गेली तर होडी काढत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. ‘आज नको, आई,’ म्हणाला. ‘मला ओनोरा भेटली.’ मी हसले, गं. म्हटलं, ओनोरा तुला अपशकुन? बाप्तिस्म्याला जिने तुला मांडीवर धरलं, ती? लाज नाही वाटत? झोप काढायचं निमित्त शोधतोस, म्हटलं.”

मॅकडाराच्या हातात झाकण तसंच होतं.

“हे सांगितलं असतं तर तू जन्मभर आपले केस उपटत बसली असतीस. म्हणून गप्प राहिले, असं मी माझ्या मनाला सांगत आले. ते निम्मंच खरं. पुस्तक आलं आणि सगळे म्हणाले, बिचारी बाबीन, केवढं खोटं लिहिलं तिच्यावर. मला ते गोड लागलं. लोकांची अंडी गोड लागली, ओनोरा. तू एकटी बसलीस आणि मी पलीकडून तुझा धूर बघत राहिले, एकदाही आले नाही. आले असते तर तू विचारलं असतंस, आणि तुझ्यापुढे मला खोटं बोलता आलं नसतं.”

तिने ओनोराच्या कानामागची पांढरी बट नीट केली.

“त्याला जायचं नव्हतं. मी त्याच्या हातात वल्हं दिलं, पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, जा. ‘बरं, आई,’ म्हणाला.”